भाऊराव मिस्तरी सासुरवाडीला राहायला गेला

पांढुर्ण्यात मे महिन्यात ज्याला दुपारची झोप लागते, त्यानं आधी भाऊराव मिस्तरीचं नाव घ्यावं आणि मगच डोळे मिटावेत, असं खुद्द भाऊराव मिस्तरीचंच मत होतं. माणूस बढाईखोर, पण अगदीच खोटं बोलत नव्हता. स्टेशनच्या रस्त्याला त्याचं कूलरचं दुकान. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, आणि त्यात तो आणि त्याची बायको शकुंतला. पत्रा कापायचा, ठोकून पेटी करायची, तिन्ही बाजूंना खसच्या ताट्या बसवायच्या, आत पंखा आणि पंप टाकायचा, आणि जाताना गिऱ्हाइकाला दम द्यायचा, "पाणी रोज बदलत जाजा. मच्छर झाले तं माह्याकडे येऊ नोका." उभं आयुष्य यातच गेलं. एकुलता एक सुमेध त्या खसच्या वासात अभ्यास करून इंजिनीअर झाला आणि नोकरी लागली ती थेट कोचीला.

तेवढ्यात पांढुर्णा जिल्हा झालं. जिल्हा झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून उमगलेलं नाही. पण घरमालकांना ते दुसऱ्याच दिवशी उमगलं. भाऊरावच्या घरमालकानं त्या जागेवर कॉम्प्लेक्स बांधायचं ठरवलं आणि मोठ्या गोड आवाजात सांगितलं, "मिस्तरी, दिवाळी इथंच करा. मग बघा कुठं काय ते."

कुठं काय ते बघायला जागा दोनच होत्या. एक कोची. सुमेध आणि सूनबाई प्रियंका दोघंही तिकडेच, आणि दोघं मनापासून बोलावत होते. दुसरी सौंसर. तासाभराच्या रस्त्यावरचं शकुंतलेचं माहेर. तिचा धाकटा भाऊ गौतम तिथे नगरपालिकेत. तो स्वतः बसनं आला, चहा प्याला, आणि मुद्द्याचं बोलला.

"भाऊजी, रस्त्याकडची खोली बाबांनी ताईच्या वाट्याची म्हणून ठेवली होती. रिकामीच हाये. समोर टिनाचं शेड टाकून देतो. दुकान तिथंच लावा. संत्र्याच्या सीझनमध्ये रस्ता चालू राहते."

जागा चांगली, रस्ता चांगला, हक्काची खोली. दुसरा कोणी असता तर त्याच बसनं गौतमबरोबर गेला असता. पण भाऊरावचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्याच्या चहात मीठ टाकलं.

"म्हातारपणी घरजवाई होऊ का मी?"

आता यातली गंमत तुम्हाला सांगितलीच पाहिजे. आमच्या इकडे बायकोच्या माहेरी जाऊन राहणाऱ्याची जी टर उडवतात, तिच्यात पांढुर्ण्यात भाऊरावचा हात कोणी धरू शकत नव्हता. त्याच्या दुकानासमोर चहाचा ठेला लावणारा विनोद सासऱ्याच्या घरी राहायचा. भाऊरावनं त्याला वर्षानुवर्षं 'जवाईशेठ' म्हणून हाक मारली. "काय जवाईशेठ, सासूनं दूध दिलं का आज?" असं म्हणल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. त्यामुळे सौंसरचं नाव निघाल्याबरोबर विनोदनं ठेल्यावरूनच आवाज दिला, "मिस्तरी, या आमच्या पार्टीत! जागा हाये!"

झालं. भाऊरावनं तिथल्या तिथे कोची ठरवलं. माणसं गाव निवडताना पाणी पाहतात, दवाखाना पाहतात, बाजार पाहतात. भाऊरावनं विनोद पाहिला.

शकुंतला काय म्हणाली? ती भांडी बांधता बांधता एवढंच म्हणाली, "चाला बाप्पा. समुद्र तं पाहून घेऊ."

सामान निघालं तेव्हा त्यात एक लांबच लांब गाठोडं होतं. आम्ही शेजारी निरोपाला जमलो होतो, मी विचारलं, "हे काय रे?" तर डोळा मारून म्हणाला, "पोराले सरप्राइज." कूलर होता! पत्र्याची पेटी सुटी करून, ताट्या गुंडाळून, मोटर आणि पंप धोतराच्या फडक्यात बांधून हा माणूस नागपूरला गेला आणि तिथून केरळच्या गाडीत बसला. त्याचं गणित साधं होतं. सुमेध फोनवर म्हणायचा, बाबा, इथं बारा महिने गरम असतं. जिथे बारा महिने गरम, तिथे बारा महिने कूलर. पांढुर्ण्यात धंदा चार महिन्यांचा, तिकडे तर वर्षभर चालणार. मनातल्या मनात त्यानं कोचीत दुकानाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती.

पुढचं सगळं मला शकुंतलेनं सांगितलं, आणि ती नवऱ्याच्या फजितीत एक अक्षर कमी करत नाही.

पोरगा आणि सून ऑफिसला गेलेली पाहून भाऊरावनं दिवसभर बसून कूलर जोडला. बाल्कनीच्या दारात ठेवला, पाणी भरलं, आणि ती दोघं घरात पाऊल टाकताहेत तोच बटण दाबलं. खसचा वास घरभर पसरला. सुमेधनं डोळे मिटून तो वास घेतला, प्रियंका म्हणाली, "वा, बाबा!" भाऊराव असा उभा राहिला, जसं कलेक्टरनं त्याच्या हाताला धरून फीत कापली.

जेवणं होईपर्यंत चादरी ओलसर झाल्या. पापडाचा डबा उघडा होता, त्यातला पापड बोटावर घडी व्हायला लागला. काडीपेटीची काडी पेटेना. प्रियंकाची इस्त्री केलेली कुर्ती उन्हाळी लग्नात नाचून आल्यासारखी दिसायला लागली. आणि गरमी? ती होती तिथेच होती, फक्त आता ती अंगाला चिकटत होती.

सुमेध हळूच म्हणाला, "बाबा, इथं हवेतच पाणी आहे. कूलरनं ते अजून वाढतं."

"मले शिकवून राहिला का बे?" भाऊराव कडाडला. आणि मग त्यानं स्वतःच उठून पंप बंद केला.

कारण त्याला आठवलं. दर पावसाळ्यात दुकानासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो अडवून सांगायचा, "पाऊस सुरू झाला की पंप बंद करा, नुसता पंखा चालवा, नाई तं घर दलदल होईन." अख्ख्या पांढुर्ण्याला हे पाठ होतं. आणि तो स्वतः बारमाही पावसाळ्याच्या गावात पंप घेऊन आला होता. नुसतं गरमी हे नाव ऐकलं की आमच्या माणसाला उन्हाची झळच दिसते, कोरडी. ओली गरमीही असते, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

त्या दिवसापासून कूलर बंद. पुढे प्रियंकाला घरात चपला ठेवायला जागा पुरेना. बिचारी पोरगी, तिनं काही वाईट मनानं नाही केलं. पंखा आणि एक ताटी काढली, आत फळी टाकली आणि चपला, बूट, छत्र्या सगळं त्यात लावून ठेवलं. भाऊराव फिरून आला तर त्याच्या हातच्या पेटीत, जिथे पंखा होता तिथे, सुमेधचे बूट.

त्यानं आपल्या चपला काढल्या, त्यातच ठेवल्या, आणि बाल्कनीत जाऊन बसला.

शकुंतलेचं मात्र तिकडे छान जमलं होतं, हे सांगायला हवं. शेजारच्या मल्याळी बाईशी तिची हातवाऱ्यांनी मैत्री झाली होती. ती बाई मासे द्यायची, ही पाटोडीचा रस्सा द्यायची. रस्सा खाऊन त्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्या दिवशी वाटी घेऊन हजर. पण नवरा दिवसभर लिफ्टमध्ये खालीवर करतो, वॉचमनच्या टेबलफॅनकडे आशेनं पाहतो, कोणाच्या घरी काही बिघडलं का म्हणून कान लावून बसतो, हे तिला दिसत होतं. आणि पोरगा-सून रोज प्रेमानं म्हणत होती, "बाबा, आराम करा."

"आराम करा, आराम करा," भाऊराव तिच्यापाशी कुरकुरला. "मी का आजारी हाये?"

"मंग काय करता?" शकुंतला म्हणाली. "इथं तुमाले कोणी मिस्तरी म्हणत नाई, तेच दुखून राहिलं. मले का समजत नाई?"

"सौंसरला गौतमची खोली..."

"गौतमची नाई. माही."

"हाव, तुही. तिथं शेड टाकून देतो म्हणे."

"आन् घरजवाई? विनोद काय म्हणन?"

भाऊरावनं दाराजवळच्या त्या पेटीकडे एकदा पाहिलं. "म्हणू दे."

सुमेधला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, आपलंच काही चुकलं. प्रियंकाला वाटलं, चपलांमुळे झालं. ती रडायला लागली, तेव्हा भाऊरावनंच तिची समजूत काढली, "नाई वं बाई, पेटी मजबूत हाये, ठेव चपला." शेवटी सुमेधनं एक अट घातली. "जा बाबा. पण दुकान चाललं पाहिजे, करमलं पाहिजे. एप्रिल गेला आणि तुम्ही तिथं नुसते बसून आहात असं दिसलं, तर मी स्वतः येऊन दोघांना परत आणीन. मग पुन्हा नाही म्हणायचं नाही."

भाऊराव म्हणाला, "मंजूर."

होळीच्या आधी ती दोघं सौंसरला आली. गौतमनं शब्द पाळला, शेड टाकून दिलं. पाटी लागली. उन्हानं डोकं वर काढलं. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, कपाशीची मोकळी वावरं, आणि हवा अशी कोरडी की धुतलेलं धोतर दोरीवर टाकेपर्यंत वाळावं. कूलरसाठी यापेक्षा चांगली जागा देवानं... नाही, देवाला भाऊराव मानत नाही. निसर्गानं केली नसती.

आणि तरी धंदा नाही!

झालं असं, की विनोदच्या टरेला घाबरलेल्या या माणसाला सौंसरमध्ये एकानंही घरजवाई म्हणून चिडवलं नाही. उलटं झालं. तो अख्ख्या मोहल्ल्याचा जवाई झाला. रस्त्यानं चालला तर म्हातारे उठून उभे राहायचे, "जय भीम, जवाईबापू!" बायका डोक्यावरचा पदर नीट करायच्या. चहाच्या ठेल्यावर भिवाजी बाकावर बसू द्यायचा नाही, घरातून खुर्ची मागवायचा. विहारात वंदनेला गेला की पुढची चटई. आणि जवायाच्या हातात पाना-हातोडी द्यायची? छे! जवायाकडून पेटी ठोकून घ्यायची, वर त्याच्याशी भावाची घासाघीस करायची? लोक दुकानात यायचे, बसायचे, सुमेधची चौकशी करायचे आणि कूलर दुसरीकडे दुरुस्तीला न्यायचे. ज्या दोन-चार घरांनी भिडेखातर काम दिलं, त्यांनी असे हात जोडून दिलं, जसं देणगी मागायला आले आहेत. काम नीट झालं की नाही, हेही कोणी सांगेना.

गौतम तर त्याहून पुढचा. भाऊराव पत्रा उचलायला वाकला की हा धावत यायचा. "राहू द्या भाऊजी, लोक काय म्हणतील? पाहुण्याले कामाले लावलं म्हणतील."

"अबे, मी पाहुणा नोहो!"

"नाई कसे? जवाई हा ना तुमी."

चौदा एप्रिलच्या तयारीत तर कमाल झाली. मोहल्ल्यातलं एकेक माणूस कामाला लागलेलं. कोणी झालरी बांधून राहिलं, कोणी बुंदी पाडून राहिलं, पोरी रांगोळीला बसल्या. भाऊराव पक्कड घेऊन पुढे झाला. लायटिंगची वायर त्याच्यापेक्षा चांगली कोण ओढणार? तर चौघांनी मिळून त्याची पक्कड काढून घेतली आणि त्याला खुर्चीवर बसवलं. वर शरबत दिलं. मी त्या दिवशी पांढुर्ण्याहून मुद्दाम गेलो होतो, म्हणजे त्याची टर उडवायलाच गेलो होतो. विनोदनं चार टोमणे पाठवलेही होते सोबत. पण सारा मोहल्ला घामानं निथळतोय आणि हा मधोमध कडक पांढऱ्या शर्टात, हातात ग्लास, लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यासारखा बसलाय, हे पाहून माझ्या तोंडचे टोमणे तोंडातच राहिले.

"कसं चाललं?" मी विचारलं.

"इज्जत बम हाये," तो म्हणाला. "काम नाई. तिकडे आराम करा म्हणत होते, इकडे बसा जी म्हणते. या दोन्हीत फरक काय, तूच सांग." मग खाली बघून म्हणाला, "अर्धा एप्रिल गेला. सुमेधचा फोन येईन रविवारी. खोटं मले बोलता येत नाई."

मी संध्याकाळच्या बसनं परत आलो. विनोदला सांगितलं तर तो म्हणाला, "मलेही पहिले दोन-तीन साल असंच होतं." आता बोला.

पण गोष्ट फिरली ती चंद्रकलामावशीमुळे. ही शकुंतलेची लांबची मावशी. सौंसरच्या त्या भागात दोन गोष्टींना लोक घाबरतात, एक मेचं ऊन आणि दुसरी मावशीची जीभ. जवायाला भिडेखातर काम देणाऱ्या घरांत एक तिचं होतं. कूलर दुरुस्त होऊन घरी गेला, सुरू झाला, आणि टपकायला लागला. पाणी थेट तिच्या खाटेखाली. गादी भिजली. आता दुसरा मिस्तरी असता तर मावशीनं त्याच्या सात पिढ्या मोजल्या असत्या. पण जवाई पडला! दोन-तीन दिवस तिनं गादी गच्चीवर वाळवली आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "माह्याच हातून बादली लवंडली." मावशी खोटं बोलून राहिली, तेही स्वतःकडे दोष घेऊन! मोहल्ल्याला वाटलं, म्हातारीचे दिवस भरले.

चौथ्या दिवशी सकाळी पाय घसरून ती त्याच पाण्यात बसली, आणि संपली भीड. ओल्या लुगड्यानं ती रस्त्यावर आली ती गरजतच.

"ओ जवाईबापू!"

भाऊराव शेडमध्ये पेपर वाचत बसला होता. "काय जी, मावशी?"

"मावशी गेली वाहून! कूलर नीट केला का आपली जाम नदी आणून सोडली माह्या घरात? सारी गादी सडली! असं काम करते का कोणी? पांढुर्ण्याच्या लोकाईनं कसं काय सहन केलं तुमाले?"

खिडक्या उघडल्या. भिवाजी गाळणं हातात घेऊन बाहेर आला. गौतम ऑफिसला निघाला होता, तो सायकल टाकून धावला.

"मावशे, मावशे! जवाई हायेत ते आपले!"

"जवाई असन तं जेवाले बसव! लोटा दे, पाट दे, पाया पड! कूलर कोण नीट करन, तू?" आणि गौतमला बाजूला सारून ती भाऊरावकडे वळली. "ओ मिस्तरी! उठा. आत्ताच्या आत्ता चाला घरी."

मिस्तरी! भाऊराव असा उठला की खुर्ची मागे आडवी झाली. शकुंतला दारात उभी होती. ती सांगते, लग्नात माझ्याकडे पाहूनही यांचा चेहरा इतका उजळला नव्हता.

"पाणी खालून येते का बाजूनं?"

"मले काय विचारता? मी मिस्तरी हाये का?"

पाना, पक्कड, पिशवी घेऊन तो मावशीच्या मागे निघाला. जाऊन पाहतो तर चूक त्याचीच. पाणी सोडायच्या बुचाला त्यानं जुनाच वायसर ठेवला होता. इतके दिवस हात रिकामा राहिला की असं होतं. ओल्या फरशीवर मांडी घालून त्यानं नवा वायसर बसवला.

"माह्याच हातची चूक हाये, मावशी."

"मंग पैसे मिळणार नाईत."

"याचे नोका देऊ. पण ही ताटी कुजली, बदलायची हाये. तिचे लागतील."

"लागतील म्हणते! सासुरवाडी लुटाले आले का?"

"खस महाग झाली, मावशी."

"मंग गवत लावा! मी का राजवाड्यात राहून राहिली?"

दोघं अशी भांडली, की बाहेर जमलेल्यांच्या लक्षात आलं, अरे, या माणसाशी भांडता येतं. आणि मग जे सुरू झालं! भिवाजी म्हणाला, "मिस्तरी, माह्या पंख्याचा आवाज गेल्या महिन्यापासून येऊन राहिला, मी बोललो नाई." दुसरा म्हणाला, "माहा पंप तुमी लावला तसा चालूच झाला नाई, जी." एक सूनबाई पदर खोचून म्हणाली, "आमच्याकडचा कूलर तं हवेऐवजी घुर्र करते फक्त, उद्या आले नाईत तं पाहा!" महिनाभराच्या तक्रारी, मानापोटी गिळलेल्या, सगळ्या एका सकाळी बाहेर पडल्या. गौतम डोक्याला हात लावून कट्ट्यावर बसला. "ताई, आता काय करू वं?" शकुंतला म्हणाली, "ऑफिसले जाय. उशीर होऊन राहिला."

रविवारी सुमेधचा फोन आला तेव्हा शेडसमोर चार पेट्या ओळीनं उभ्या होत्या, आणि एक जण आपली मोटर अजून झाली कशी नाही म्हणून तावातावानं बोलत होता. भाऊरावच्या गळ्यात तार, तोंडात स्क्रू. फोन शकुंतलेनं त्याच्या कानाला लावून धरला.

"बाबा, कसं आहे? करमतं का?"

"शिव्या खाऊन राहिलो, बाबू."

"काय? कोण देतंय शिव्या?"

"सारेच! मावशीनं सुरू केल्या, आता मोहल्लाभर चालू हाये." त्यानं तोंडातला स्क्रू काढला. "ठेव फोन. गिऱ्हाईक खोळंबलं."

तिकडे प्रियंकानं विचारलं, काय म्हणाले बाबा? सुमेध फोनकडे पाहतच राहिला होता. सौंसरला गेल्यापासून बाबांनी पहिल्यांदाच आपण होऊन फोन ठेवला होता. "गिऱ्हाईक खोळंबलं म्हणे," तो म्हणाला, आणि हसायला लागला तो थांबेचना. मग दोघांनी मिळून मे महिन्याच्या सुट्टीचं तिकीट काढलं. आणायला जायचं नाही, नुसतं राहायला.